चार इंच

उजगरे डॉक्टरीणबाईंची मॉरिस मायनर
महिन्यातून एकदा तरी आमच्या दारात असायची,
भद्रकालीत, तांबटाच्या भिंतीला पाठ लावून.
बॉनेट उघडण्याआधी वडील हात फिरवायचे
मधल्या उंच पट्टीवरून, नाकापासून काचेपर्यंत,
आणि मला दर वेळी तेच सांगायचे,
जणू मागच्या महिन्यात मी ऐकलंच नव्हतं:

विलायतेत ही काढली तेव्हा
काढणाऱ्यालाच ती अरुंद वाटली.
मग उभी चिरली, मधोमध, पपईसारखी.
दोन फाका हळूहळू सरकवत नेल्या,
पुरे म्हणाला तिथे फट मोजली. चार इंच.
तेवढा पत्रा घातला.
बंपर आधीच करून ठेवलेले,
तेही कापले, जोडावर ठिगळ मारलं.
कारखान्याच्या मालकाला काही पसंत पडली नाही,
म्हणाला, उकडलेलं अंडं दिसतं.
आणि त्या अंड्यातून, पोरी, दहा लाखांच्या वर निघाल्या.
हे शेवटचं वडील हळू म्हणायचे,
शरणपूरच्या बाईंपुढे अंड्याचा विषय नको म्हणून.

बाईंनी ती देवळालीच्या केकोबाद दारूखानावालांकडून घेतलेली.
त्यांनी ती फक्त स्टेशनपर्यंत नेली, आणि परत.
बाईंनी नेली गिरणाऱ्याला, दुगावला, रात्री दोनला,
पुढे कंदीलवाला धावतोय, मागे ही.
किल्ली फिरवली की आधी पंप टिकटिकायचा,
नाही टिकटिकला तर बाई पान्याने एक टोला द्यायच्या.
उतारावर सोडली की मागून फुर्र,
सर्दी झालेल्या मास्तरासारखी.

वळायचं असलं की दारामागच्या खांबातून
हात बाहेर यायचा. वीतभर, केशरी, आत दिवा.
पोरं ओरडायची, हात दाखवून अवलक्षण!
कधी तो परत बसायचाच नाही.
बाई गाडी सरळ हाकतायत
आणि डावा हात गंगापूर रोडभर बाहेर.
मग खांबावर, काचेखाली बोटभर, एक बुक्की.

द्वारकेपाशी टांग्याच्या चाकाने तो मोडला.
हकीमुद्दीन शेठ म्हणाले, तिकडे गाडीच बंद पडून आठ वर्षं झाली,
आता हात कुठून आणू?
वडिलांनी आईची नवी साबणदाणी कापली.
केशरी, झाकणाची. कानशीने घासली, रात्रभर.
आमचा साबण पुढे महिनाभर करवंटीत,
आई दोन दिवस अबोल.
बिलात लिहिलं: हात, एक नग, तीन रुपये.

पैसे मोजता मोजता बाई म्हणाल्या,
मिस्त्री, ते अंड्याचं मी पहिल्या दिवशीच ऐकलंय.
पण ते चार इंच नसते ना,
तर माझ्या अकरा जणी मागच्या सीटवर
गुडघे कुठे मुडपून बसल्या असत्या?
दोघी तर वाटेतच मोकळ्या झाल्या. मखमलाबाद नाक्यावर एक.
वडील पट्टीकडे बघत राहिले.
त्यानंतर ती गोष्ट सांगताना ते अंडं गाळायचे.

मागच्या रविवारी भाचीच्या लग्नाआधीचे फोटो काढायला
धरणाकडच्या वायनरीत गेलो.
द्राक्षाच्या मांडवाखाली ती उभी होती,
गुलाबी रंगात, चाकांखाली विटा,
बॉनेटवर कागदी फुलं, बरोबर पट्टीवर.
इंजिनाच्या जागी नुसता अंधार.
भाची म्हणाली, आत्या, किती क्यूट.

मी मागे गेले. खांबाच्या फटीत नख घातलं.
आला. जड, किरकिरत, पण आला.
आतल्या बाजूला अजून वाचता येत होती
साबणाच्या कंपनीची अर्धी अक्षरं.

मॅडम, हात लावू नका, वॉचमन म्हणाला.
नाही लावत, म्हटलं.
फोटोवाला म्हणाला, ते बाहेर आलेलं आत घाला जरा.
कोणालाच जमेना.
बुक्की कुठे मारायची ते मला माहीत होतं.
मी पर्स घेतली आणि सावलीत जाऊन बसले.